मार्कापासून सुरुवात करा: शास्त्र आणि मंडळी यांच्याकडे नव्याने येणाऱ्यांसाठी

गेली काही वर्षं आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नव्याने येणाऱ्यांसोबत बसून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचण्याचं काम माझ्याकडे आहे. कोणी लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेलं असतं. कोणी दवाखान्यात खाटेशेजारी उभं राहून कुणीतरी केलेली प्रार्थना मनात धरून आलेलं असतं. कोणी पिढीजात ख्रिस्ती घरातलंच, पण पुस्तक मात्र लग्नाच्या अल्बमशेजारी काचेच्या कपाटात. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: वाचायला कुठून लागायचं?

बरेच जण तोवर एकदा प्रयत्न करून दमलेले असतात. पहिल्या पानापासून घेतलं, योसेफाच्या गोष्टीत रमले, निर्गम या दुसऱ्या पुस्तकात तांबड्या समुद्रापर्यंत जोरात गेले. पुढे निवासमंडपाच्या फळ्यांची आणि पडद्यांची मापं लागली, मग लेवीय हे पुस्तक, आणि खुणेची रिबीन तिथेच अडकून राहिली. यात वाचणाऱ्याचा दोष नाही. पवित्र शास्त्र हे ६६ पुस्तकांचं कपाट आहे, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७. कपाटातलं पहिलं पुस्तक पहिलं वाचायला हवं, असं कुणी सांगितलेलं नाही. खाली जो क्रम देतो आहे, तो अनेकांबरोबर बसून वापरून पाहिलेला आहे. त्याला दोन-तीन महिने द्या.

पुस्तक घ्या, जमल्यास दोन

उपासनेत जी बायबल सोसायटीची मराठी आवृत्ती वाचली जाते ती एक घ्या, म्हणजे रविवारी कानावर पडेल तेच घरी डोळ्यांसमोर असेल. तिची भाषा थोडी जुन्या वळणाची आहे. म्हणून शेजारी सोप्या मराठीतलं एखादं भाषांतर ठेवा. मोबाइलवर ती फुकट मिळतात. पहिलं वाचन मात्र कागदावरच करा. मोबाइलवर वाचताना मध्येच कुणाचा तरी मेसेज येतो आणि आपण गालीलातून थेट सोसायटीच्या ग्रुपवर जाऊन पोचतो.

हे पुस्तक मराठीत आपल्यापर्यंत कसं आलं, तेही जाणून घ्या. मत्तयाचं शुभवर्तमान (शुभवर्तमान म्हणजे येशूची कथा सांगणारं पुस्तक) मराठीत पहिल्यांदा छापलं गेलं १८०५ साली, विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यात. हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. १८११ मध्ये नवा करार निघाला, तोही मोडी लिपीत. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. साध्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं, एवढीच त्यांची धडपड होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आश्रयाला आलेल्या स्त्रियांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले, पानं छापली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये बाहेर आलं. एखादी ओवी, म्हणजे शास्त्रातलं वचन, अवघड लागली की मला तो छापखाना आठवतो. तुमच्या-माझ्यासारख्यांना कळावं म्हणून कुणीतरी आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली आहेत.

पहिला आठवडा: मार्क, एका बैठकीत

चार शुभवर्तमानांत मार्क सगळ्यांत लहान, १६ अध्यायांचं. मोठ्याने वाचलं तरी दोन तासांत होतं. एक मोकळी दुपार काढा, दार लोटा आणि मोठ्याने वाचा. मोठ्याने हे मुद्दाम सांगतो, कारण हे पुस्तक मुळात ऐकण्यासाठी लिहिलेलं आहे. पहिल्या शतकातल्या मंडळीत एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. आपल्याकडे वचनाला ओवी म्हणतात. जात्यावरची काय किंवा ज्ञानेश्वरीतली काय, ओवी गळ्यातून आली की तिचा अर्थ उलगडतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

वाचताना आकड्यांकडे लक्ष देऊ नका. मूळ लिखाणात ते नव्हते. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, आणि नव्या करारातल्या ओव्यांचे आज वापरात असलेले क्रमांक रोबेर एस्तियेन या मुद्रकाने १५५१ साली घातले. एखादी जागा शोधायला ते सोयीचे आहेत, पण गोष्ट कुठे संपते हे ते सांगत नाहीत.

शेवटच्या अध्यायात ९ ते २० या ओव्यांना बऱ्याच आवृत्त्यांत कंस किंवा टीप असते. घाबरू नका. सिनाय आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत तो भाग नाही, एवढंच ती टीप सांगते. असं उघड छापणाऱ्या पुस्तकावर माझा तरी भरवसा वाढलाच.

दुसरा आणि तिसरा आठवडा: तेच पुस्तक, सावकाश

आता वही घ्या. रोज वीस-पंचवीस ओव्या पुरेत. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: इथे काय घडलं, याच्या आधी आणि नंतर काय आहे, आणि मला काय कळलं नाही. "यातून मला काय बोध मिळाला" हा प्रश्न पहिल्या महिन्यात लिहूच नका. तो घाईने विचारला की येशू काय करतो आहे हे बघायचं राहतं आणि आपण आपल्याविषयीच लिहीत बसतो.

ही पद्धत आठव्या अध्यायावर लावून पाहू. बेथसैदा गावात एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालताना. येशू पुन्हा हात ठेवतो आणि मग त्याला स्वच्छ दिसू लागतं.

काय घडलं ते लिहून झालं. आता वहीत "कळलं नाही" या रकान्यात काय येईल? दोनदा हात का ठेवावा लागला? बाकी सगळीकडे एका शब्दात किंवा एका स्पर्शात माणसं बरी होतात, मग इथेच असं का? बरं, ही गोष्ट फक्त मार्कात आहे, इतर तिघांनी ती सांगितलेलीच नाही.

मग आधीची ओळ बघा. शिष्य मचव्यात भाकरीवरून कुजबुजतात आणि येशू त्यांना विचारतो, डोळे असून तुम्हाला दिसत नाही का? नंतरची बघा. फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर पेत्र हा शिष्य म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. अगदी बरोबर. पण लगेच येशू सांगू लागतो की मला दुःख भोगावं लागेल, मारलं जाईल, आणि तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो. पेत्राला दिसतंय, पण झाडांसारखं. ख्रिस्त दिसला, वधस्तंभ दिसला नाही. त्याला अजून एकदा हात लागायचा आहे.

इथून पुढचे दोन अध्याय वाचा. येशू तीन वेळा आपल्या मरणाविषयी बोलतो आणि तिन्ही वेळा शिष्य भलतीकडेच असतात. पहिल्यांदा पेत्राचं दटावणं, दुसऱ्यांदा आपल्यात मोठा कोण यावर वाद, तिसऱ्यांदा याकोब आणि योहान उजवी-डावीकडच्या जागा मागतात. येशू त्या दोघांना विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? आणि त्याच अध्यायाच्या शेवटी यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतो, त्यालाही येशू नेमका हाच प्रश्न विचारतो. त्याला खुर्ची नको असते, डोळे हवे असतात. ते मिळतात आणि तो त्याच वाटेने येशूच्या मागे निघतो. आंधळ्यापासून आंधळ्यापर्यंतचा हा सगळा पल्ला मार्काने किती विचारपूर्वक रचला आहे! यासाठी मला ग्रीक यावं लागलं नाही. आधीची आणि नंतरची ओळ वाचावी लागली.

अडणारे शब्द

मराठीत वाचताना एक अडचण अशी की बरेच शब्द आपल्याला आधीच येतात, वेगळ्या अर्थाने. "तारण" म्हटलं की बँकेत दागिने ठेवून काढलेलं कर्ज आठवतं. शास्त्रात ते तारणं आहे, बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढणं. "खंडणी" आज गुन्हेवृत्तात भेटते. येशू आपला जीव पुष्कळांच्या खंडणीकरिता द्यायला आला, असं मार्काच्या दहाव्या अध्यायात येतं तेव्हा नवा वाचक दचकतो. गुलामाला किंवा बंदिवानाला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत, हा तिथला अर्थ. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात "नव्याने जन्म" आला की पुनर्जन्माचा फेरा डोळ्यांसमोर येतो. तिथे येशूशी बोलणाऱ्या निकदेमालाही नीट कळलं नव्हतं. म्हातारा माणूस आईच्या पोटात कसा शिरेल, असं त्याने विचारलं. येशू याच आयुष्यात देवाच्या आत्म्याने मिळणाऱ्या नव्या जिवाबद्दल बोलत होता.

सगळ्यांत जास्त वेळ "नीतिमान" या शब्दाला द्या. रोजच्या बोलण्यात नीतिमान म्हणजे सरळमार्गी, चारित्र्याचा माणूस. त्या अर्थाने प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र वाचलं तर पौल लोकांना सुधारायला सांगतो आहे असंच वाटत राहतं. पण तो न्यायालयातला शब्द आहे. न्यायाधीश उभ्या केलेल्या माणसाविषयी निकाल देतो, आणि हा निकाल येशूने जे केलं त्याच्या आधारावर, फुकट, विश्वास ठेवणाऱ्याच्या बाजूने लागतो. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन लूथर याला "देवाचं नीतिमत्त्व" हा शब्द कित्येक वर्षं शिक्षेसारखा वाटत होता. ते देवाकडून मिळणारं दान आहे हे कळल्यावर सगळं शास्त्रच त्याला वेगळं दिसू लागलं. पुण्याचा हिशोब मनात घेऊन वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही जागा पचायला वेळ लागतो. लागू द्या. मला स्वतःला चार वर्षं लागली.

एक ओवी उचलू नका

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत बऱ्याच मंडळ्यांमध्ये वचनाच्या चिठ्ठ्या वाटतात. आपल्या वाट्याला आलेली ओवी लोक वर्षभर पाकिटात ठेवतात. त्यात यिर्मयाच्या २९व्या अध्यायातली ११वी ओवी हमखास असते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. ओवी खरी आहे. पण ते वाक्य एका पत्रातलं आहे. यिर्मया या संदेष्ट्याने यरुशलेमेहून ते बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना पाठवलं. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया म्हणतो, नाही, सत्तर वर्षं. तोवर तिथे घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परतीचा दिवस बघणार नव्हते.

मुलाची नोकरी गेली त्या वर्षी एका ताईंना ही चिठ्ठी आली होती. मार्चपर्यंत काही घडलं नाही म्हणून त्या खचल्या. आम्ही अख्खा अध्याय मिळून वाचला. लांबच्या वाटेवरही देव सोबत असतो हे त्यांना तिथे सापडलं, आणि ते त्या चिठ्ठीपेक्षा टिकाऊ होतं. चिठ्ठी घ्या, जरूर घ्या, पण घरी येऊन तिचा अध्याय वाचा.

पुढचं महिनाभराचं वाचन

मार्कानंतर फिलिप्पैकरांस पत्र. चारच अध्याय, पौलाने कैदेत बसून लिहिलेलं आणि आनंदाने भरलेलं. त्याआधी प्रेषितांच्या कृत्यांतला १६वा अध्याय वाचा, म्हणजे फिलिप्पैच्या मंडळीतली माणसं भेटतील: जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया आणि मध्यरात्री भूकंपाने दारं उघडल्यावर जीव द्यायला निघालेला तुरुंगाधिकारी. रोज एक स्तोत्र सोबत ठेवा. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्रच प्रार्थना म्हणून म्हणा. त्यातली काही तक्रारीची आहेत, तीही म्हणा.

रविवारी मंडळीत

मराठीने "मंडळी" हा फार सुंदर शब्द दिला आहे. जमलेली माणसं म्हणजे मंडळी, घरची माणसं म्हणजे मंडळी. नव्या करारातल्या मूळ शब्दाचा अर्थही जमलेले लोक असाच आहे. इमारत नंतर आली.

दहा मिनिटं आधी पोचा. मागे बसलात तरी चालतं. काही ठिकाणी "जय ख्रिस्त" म्हणतात, काही ठिकाणी "प्रेज द लॉर्ड". "नमस्कार" सगळीकडे चालतो. गाण्याच्या वेळी शेजाऱ्याकडून 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक मागून घ्या. त्यात नारायण वामन टिळकांची कितीतरी गीतं आहेत आणि चाली ओळखीच्या वाटतील. दानाची थैली समोर आली तर ती पुढे देण्यात काही गैर नाही; पाहुण्याकडून कुणी अपेक्षा ठेवत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी, बाप्तिस्मा झालेला नसेल तर भाकर आणि प्याला न घेता शांत बसा. नंतर पाळकसाहेबांना त्याबद्दल विचारा, त्यांना आनंदच होईल.

उपदेश चालू असताना शास्त्र मांडीवर उघडं ठेवा. घरी आल्यावर तोच भाग पुन्हा वाचा आणि जे सांगितलं ते तिथे आहे का बघा. पौलाचं बोलणं ऐकून बिरुयातले लोक रोज शास्त्र तपासून पाहत होते आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांचं कौतुकच केलं आहे. हे मी कळकळीने सांगतो. माझे वडील आजारी असताना एका उपदेशकाने आम्हाला सांगितलं होतं की विश्वासाचं बी म्हणून रक्कम टाका, बरे होतील. आम्ही उसने घेऊन टाकली. वडील गेल्यावर तोच म्हणाला, तुमचा विश्वास कमी पडला. त्या वाक्याने आईची झोप कित्येक महिने उडाली. बरं होण्याची किंमत कुणी सांगू लागला तर तिथून उठा.

थोडं ईश्वरविज्ञान

या शब्दाने बिचकू नका; देवाविषयी नीट विचार करणं, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवात प्रेषितांच्या मतांगीकारापासून, म्हणजे विश्वासाच्या थोडक्यातल्या कबुलीपासून, करा. अनेक मंडळ्यांत तो उपासनेत म्हटला जातो. एका आठवड्याला एक वाक्य, आणि त्याला आधार शास्त्रात कुठे सापडतो ते शोधायचं. पंतय पिलाताचं नाव त्यात का आलं, यावरच एक संध्याकाळ जाईल: एका रोमी सुभेदाराच्या कारकिर्दीत, खऱ्या तारखेला घडलेल्या गोष्टीवर हा विश्वास उभा आहे. मग ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेत पुत्र, म्हणजे येशू, पित्याशी एकतत्त्व आहे असं का ठरवावं लागलं, ते वाचा.

"इव्हँजेलिकल" हा शब्द तुमच्या कानावर येईल. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये त्याच्या चार खुणा सांगितल्या: शास्त्राला अधिकार, वधस्तंभ केंद्रस्थानी, प्रत्येकाने स्वतः देवाकडे वळणं आणि विश्वास कृतीत उतरणं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथॉडिस्ट, अलायन्स, नाझरीन, ब्रदरन, पेंटेकॉस्टल अशा वेगवेगळ्या मंडळ्यांत या खुणा असलेली माणसं भेटतात. पाटीवरून निष्कर्ष काढू नका.

घरी

तुम्ही दुसऱ्या धर्माच्या घरातून येत असाल तर लपवून वाचू नका आणि वादही घालू नका. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला होता. मत्तयातलं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते तिथेच खिळले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या स्वतः पाच वर्षांनी, १९०० साली, आपल्या पायांनी चालत त्या विश्वासात आल्या. त्या पाच वर्षांना जवळची वाट नाही. आईवडिलांशी पूर्वीपेक्षा जास्त मायेने वागा, विचारलं तर खरं सांगा. बाप्तिस्म्याची घाई करणाऱ्याला स्पष्ट थांबा म्हणा. तो निर्णय तुमचा, समजून-उमजून घ्यायचा.

बुधवारची घरसभा

एवढं झालं की एखाद्या घरसभेत जा. आठ-दहा माणसं, सतरंजी, शेवटी चहा. एकट्याने वाचलेलं तिथे बोलून दाखवायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं.

आमच्याकडे एक आजी येतात. अक्षर लागत नाही म्हणून नातीकडून वाचून घेतात. मी बेथसैदाच्या आंधळ्याबद्दल, वर लिहिलं ते सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आजी मध्येच म्हणाल्या, "मोतीबिंदूची पट्टी काढली ना, तेव्हा मलाबी माणसं अशीच दिसली. झाडं हालल्यासारखी. मी घाबरले. म्हटलं, आता एवढंच दिसणार का? डॉक्टर म्हणाले, थांबा आजी, अजून झालेलं नाही." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्यानं खरं सांगितलं बघ. 'दिसतंय' म्हणून खोटं बोलून निघून गेला असता, तर तसाच राहिला असता."

इतकी वर्षं तो भाग शिकवताना त्या माणसाचं उत्तर माझ्या नजरेतून निसटलं होतं. मी वहीत लिहून घेतलं. आजींनी नातीला पुढचं पान उलटायला सांगितलं.